जाळी बसल्यानंतरचं वर्ष

महारुद्र गिराम टाकळी ते पालम काळीपिवळी चालवायचा. टाकळी गोदावरीच्या अंगाचं गाव. एसटी सकाळी एकदा येते, संध्याकाळी एकदा, आणि पावसाळ्यात रस्ता खचला की तीही येत नाही. मधल्या वेळात दवाखाना, बँक, बाजार, सोयरीक, मयत, सगळं महारुद्रच्या आणि दुसऱ्या दोन-चार जीपांवर चालायचं. तरुणपणी तो ट्रकवर होता. लग्न झाल्यावर केशरबाई म्हणाली की तुमी रस्त्यावर असलाव की मला झोप लागत न्हाई, तेव्हा त्यानं ट्रक सोडला आणि ही जीप घेतली.

गाडी तो सावकाश चालवायचा. घाईची माणसं त्याच्यावर वैतागायची. पण टाकळीची शाळा दहावीपर्यंतच आहे आणि पुढं शिकणाऱ्या पोरी पालमच्या कॉलेजला जातात. त्यांच्या आया पोरींना महारुद्रच्याच गाडीत बसवून द्यायच्या. मधलं सीट पोरींचं, तिथं गडीमाणसानं बसायचं नाही, हा त्याचा कायदा होता. त्याची स्वतःची धाकटी, निकिता, त्याच सीटवर बसून अकरावीला गेली.

मागच्या ज्येष्ठात दोन दिवस त्याला जबड्यात कळ येत होती आणि पोटात आंबट होत होतं. पित्त झालं म्हणून तो किराणा दुकानातली गोळी खात होता. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जीप धुता धुता तो बादलीशेजारी खाली बसला. केशरबाई चुलीपासून उठून आली तर त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"काय व्हायलंय?"

"छातीवर कुणीतरी बसल्यावानी व्हायलंय," तो म्हणाला.

दारात जीप उभी, किल्ली तिलाच लावलेली, आणि गाडी चालवता येणारा माणूस जमिनीवर. केशरबाई तशीच अनवाणी शेजारच्या शेताकडं पळाली. सूर्यभान तिथं ट्रॅक्टरवर होता. तो नात्यानं लांबचा चुलतभाऊ, पण दार शेजारी. त्यानं ट्रॅक्टर चालू ठेवून उडी मारली आणि जीप पालमच्या सरकारी दवाखान्यात नेली. तिथं ईसीजीची पट्टी काढली, इंजेक्शन दिलं आणि रुग्णवाहिकेतून परभणीला धाडलं. दुपारपर्यंत महारुद्रच्या मनगटातून नळी घालून हृदयाच्या एका शिरेत जाळी बसली होती. आमच्याकडं कुणी तिला स्टेंट म्हणतं, कुणी स्प्रिंग. महारुद्र जाळी म्हणायचा.

हृदयाच्या डॉक्टर शुभदा मॅडम बोलायला शांत होत्या. त्यांनी केशरबाईला पडद्यासमोर उभं केलं.

"ही शीर हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देते. आम्ही आत रंग सोडला. बघा, रंग इथवर येतो आणि इथं तुटतो. पुढं काहीच नाही. आता हे जाळी बसवल्यानंतरचं."

दुसऱ्या चित्रात तीच शीर पार खालपर्यंत भरली होती. आधी जिथं कोरं होतं तिथं केसासारख्या बारीक फांद्या दिसत होत्या. केशरबाईनं पदर तोंडाला लावला.

"बरं झालं मनायचं का मॅडम?"

"रक्त जायला लागलं. बरं व्हायला अजून वेळ आहे." मॅडम खाटेकडं वळल्या, म्हणजे महारुद्रलाही ऐकू जावं. "फुगा फुगवून ही जाळी शिरेच्या भिंतीवर दाबून बसवली. दाबताना भिंतीला आतून लागतं. शिरेला आतल्या बाजूनं एक नाजूक अस्तर असतं, त्याच्यामुळं वाहतं रक्त कुठं चिकटत नाही. ते अस्तर जाळीवर परत धरायला महिने लागतात. तोवर उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून या दोन गोळ्या. दात काढायचा असू दे, कुठं कापू दे, कुणी काही सांगू दे, मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत."

"आन अस्तर आलं की मिटलं?" महारुद्रनं विचारलं.

"ते पातळ यायला पाहिजे. कुणाकुणाचं जाड वाढतं, मग आतली जागा परत कमी होते. जाळीला औषध लावलेलं असतं ते तेवढ्यासाठीच. पण तुमची शुगर बरीच वाढलेली निघाली. शुगर जास्त असली की शिरेची भिंत नीट भरून येत नाही."

शुगर आहे हे त्या दिवसापर्यंत घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"मला वाटलं नळ साफ केल्यावानी असंल," महारुद्र म्हणाला.

"नळ असता तर सोपं होतं. ही जिवंत आहे. तिला लागतं, ती भरून येते. कशी भरून येईल ते थोडं तुमच्या हातात, थोडं नाही."

घरी आल्यावर महारुद्रच्या डोक्यात ते शेवटचं वाक्य राहिलं. रक्त मोकळं झालं, पुढच्या फांद्या भरल्या, हे तो विसरला. आत एक ओली जखम आहे आणि ती आपल्याला दिसत नाही, एवढंच त्याला आठवायचं. हाताला लागलं असतं तर रोज उठून बघता आलं असतं की सुकली का, चिघळली का. इथं बघायला काही नव्हतं. तो मनगटावर बोट ठेवून बसायचा. नाडी जरा जोरात लागली तरी घाबरायचा, हळू लागली तरी घाबरायचा.

भेटायला येणारी माणसं त्यात भर घालून जायची. एक जण म्हणाला की डाव्या कुशीवर झोपू नका, जाळी सरकते. दुसऱ्यानं सांगितलं की त्याच्या मेव्हण्याची जाळी गंजली. महारुद्र हे सगळं मान हलवून ऐकायचा आणि माणूस गेला की केशरबाईकडं बघायचा. तपासणीला गेल्यावर तिनं मॅडमना सरळ विचारलं. मॅडम म्हणाल्या, जाळी सरकत नाही, गंजत नाही, कोणत्याही कुशीवर झोपा, रोज चाला. महारुद्र त्या दिवशी डाव्या कुशीवर आडवा झाला खरा, पण श्वास धरून.

तंबाखू त्यानं जाळी बसली त्याच दिवशी सोडली. गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. दाढी करताना जरासं कापलं तरी रक्त लवकर थांबायचं नाही, दंडावर काळेनिळे डाग उठायचे, तरीही नाही. फक्त शुगरच्या बाबतीत त्याचं चित्त नव्हतं. हृदय एवढं मोठं दुखणं असताना शुगरचं काय घेऊन बसायचं, असं त्याला वाटायचं. लोकांच्या घरी गेला की चहा साखरेचाच प्यायचा, नाही म्हणायला त्याला अवघड वाटायचं.

दसऱ्याच्या आसपास त्याला फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासणी केली. ती चांगली निघाली. गाडी चालवायला हरकत नाही, पण छातीत, गळ्यात, जबड्यात काहीही वाटलं तर त्याच दिवशी यायचं, असं मॅडमनी बजावून सांगितलं. चार महिने अंगणात उभी असलेली जीप सूर्यभाननं ढकलून चालू करून दिली.

पहिल्या दिवशी पारावर गाडी लावली तेव्हा लोक आले, तब्येत विचारली, आणि बसायला जरा रेंगाळले. सुलाबाई नातवाला घेऊन पुढच्या सीटवर बसली होती. गाडी सुटायच्या आधी ती खाली उतरली.

"काय झालं मावशी?"

"काय न्हाई रे बाबा. लेकराला उलटी होतीय डिझेलच्या वासानं. मागून येते." आणि थोड्या वेळानं ती दुसऱ्या जीपमध्ये बसून त्याच्या पुढून गेली.

पोरी मात्र आल्या. निकितानं आधी बसून जागा धरली, मग बाकीच्या बसल्या. हळूहळू माणसंही परतली. दिवाळीनंतर तर सुलाबाईसुद्धा येऊन बसली, नातवासकट. महारुद्रला पुन्हा रात्रीची झोप लागायला लागली.

मग संक्रांत झाली आणि एके दिवशी तो जीपच्या टपावर तुरीचं पोतं चढवत असताना छातीच्या मधोमध काहीतरी आवळलं. तिथून ते गळ्यापर्यंत आलं. त्यानं पोतं टेकवलं, गाडीला धरून उभा राहिला. थोड्या वेळात ते विरून गेलं.

जोर जास्त लागला, असं त्यानं मनाशी ठरवलं. पण दोन दिवसांनी शेताकडं चालत जाताना चढावर तेच झालं. थांबलं की जायचं, चाललं की यायचं. मॅडम काय म्हणाल्या होत्या ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. तरी तो गेला नाही. गेलो तर गाडी बंद होईल, आणि ह्या खेपेला लोक परत येणार नाहीत, असं त्याला वाटलं. पोरींची बारावी तोंडावर आली होती. शिवाय गेलो नाही तोवर ते नक्की झालेलं नाही, अशीही एक समजूत माणूस मनात धरतो, ती त्यानं धरली.

त्यानं पोती उचलायची बंद केली. माल असला की ज्याचा त्यानं चढवायचा. शेताकडं जाताना तो हापशाजवळ थांबून कुणाशीतरी उगीच बोलत उभा राहायला लागला. पालमच्या अड्ड्यावर तो गाडी अशी लावायचा की चहाच्या टपरीपर्यंत चालायला लागू नये. ही सगळी तजवीज त्यानं इतकी बेमालूम केली होती की सूर्यभानलाही कळलं नाही.

केशरबाईला कळलं. तिनं तोंडानं काही विचारलं नाही. एक दिवस ती धुतलेलं लुगडं नेसून गाडीत येऊन बसली. ड्रायव्हरच्या बरोबर मागं, पोरींच्या सीटच्या कडेला.

"कुठं निघालीस?"

"पालमला. साडीला पिको करून आणायचाय."

दुसऱ्या दिवशी तिला मसाला दळायचा होता. त्यानंतर तिच्या मावसबहिणीला बरं नव्हतं. मग बँकेत काम निघालं. शेतात हरभरा काढणीला आलेला, घरी म्हैस, आणि केशरबाई रोज पालमच्या फेरीला. महारुद्र आरशात बघायचा तेव्हा त्याला मागचा रस्ता दिसायच्या आधी तिचे डोळे दिसायचे. ते त्याच्या मानेवर असायचे.

एकदा परतीच्या फेरीला गाडी रिकामी होती. त्यानं ओढ्याजवळ गाडी उभी केली आणि मागं न वळता विचारलं, "रोज रोज कशाला यायलीस?"

"काम ऱ्हातंय."

"मला खुळ्यात काढू नको."

"तुमच्या मानंवर घाम येतोय का बघायला येते," ती म्हणाली. "त्या दिवशी अंगणात तुमची मान आदी भिजली होती."

"मला काय झालेलं न्हाई."

"मग पोतं कामून उचलना गेलाव?"

"वजन उचलू नका मनल्यात मॅडम."

"ते पयल्यांदा मनल्या होत्या. दसऱ्याला सगळं मोकळं केलं होतं त्यांनी. मी हुते तिथं."

महारुद्र समोरच्या काचेकडं बघतच म्हणाला, "पोरींचे पेपर हायेत. तेवढे होऊ दे. मग जाऊ दवाखान्यात."

केशरबाईला जे कळायचं होतं ते तिथंच कळलं. आणि तरी ती गप्प बसली. दुसऱ्या गाड्या कशा पळवतात ते तिनं पाहिलं होतं, त्यात पोरींना बसवायला तिचं मन घेत नव्हतं. निकिता वर्षभर पहाटे उठून अभ्यास करत होती, ऐन परीक्षेत बाप दवाखान्यात असला तर पोरगी काय लिहिणार, हेही तिच्या मनात आलं. नंतर तिनं स्वतःला याबद्दल फार बोल लावला. पण त्या दिवशी ओढ्याजवळ ती एवढंच म्हणाली, "चला आता. म्हशीचा वकत झाला."

इंग्रजीचा पेपर झाला. मराठीचा झाला. प्रत्येक पेपरला केशरबाई गाडीत होती, आता सबब न सांगता. छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायला मॅडमनी दिलेली गोळी तिनं पदराच्या गाठीत बांधून घेतली होती. पोरींना वाटायचं, काकू परीक्षेसाठी सोबत येतात. त्या तिला देवाचा पेढा द्यायच्या.

भूगोलाच्या पेपरच्या दिवशी सकाळी थंडी होती. पोरी मधल्या सीटवर पुस्तकं उघडून एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. गाव मागं पडलं, नदीकडचा उतार संपला, आणि महारुद्रच्या छातीत ते आलं. या वेळी तो चालत नव्हता, काही उचलत नव्हता. नुसता बसला होता. बसल्या जागी ते पहिल्यांदाच आलं होतं.

थांबेल, असं वाटून त्यानं गाडी जरा हळू केली. थांबलं नाही. गळ्यापर्यंत आलं, मग जबड्यात. पालम आता जवळ आहे, त्याला वाटलं. ते चिंचेचं झाड गेलं की वीटभट्टी, मग फाटा, मग कॉलेज. पोरींना सोडावं आणि तसंच दवाखान्याच्या दारात जावं. तो सगळं लक्ष लावून छातीच्या आत ऐकत होता. वाढतंय का, कमी होतंय का. चिंचेचं झाड गेलं ते त्याला दिसलं नाही.

"काका," निकिताची मैत्रीण मोठ्यानं म्हणाली.

समोर उसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या, आणि जीप रस्त्याच्या मधोमध. महारुद्रनं स्टिअरिंग डावीकडं ओढलं. दोन चाकं कडेच्या मातीत उतरली, ट्रॉलीबाहेर लोंबणारी उसाची शेंड्याकडची वाढी काचेला घासून गेली आणि ट्रॅक्टर निघून गेला. कुणाला काही लागलं नाही.

त्याला दुखण्यापेक्षा या गोष्टीची जास्त भीती वाटली. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, शुद्ध होती, आणि समोरचा एवढा मोठा ट्रॅक्टर त्याला दिसला नव्हता.

त्यानं गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढली आणि मागं वळून केशरबाईच्या हातात दिली.

"मी चालवणार न्हाई."

"काका, पेपर हाय," एक पोरगी म्हणाली. तिला अजून काही कळलं नव्हतं.

"माज्या छातीत दुखायलंय बाई," महारुद्र तिला म्हणाला. "आज न्हाई, लय दिसापासून दुखायलंय. तुमी खाली उतरा. दुसरी गाडी बघू."

केशरबाईनं गाठ सोडून गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली. मग ती रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. दुधाचे कॅन घेऊन जाणारा एक छोटा टेम्पो होता, तो थांबला. तिनं पोरींना एकेक करून वर चढवलं. निकिता चढेना.

"मी न्हाई जात. मी पप्पाजवळ थांबते."

"थांबून काय करणार हायस?" महारुद्र म्हणाला. त्याचा आवाज बारीक येत होता. "माजी छाती चोळून पेपर सुटंल का? जा."

"मम्मी..."

केशरबाईनं तिचा हात धरून तिला टेम्पोत बसवलं. "सूर्यभानकाकाला फोन लाव जाताना. आन एकशे आठच्या गाडीला मी लावते. पेपर पुरा लिवून ये." टेम्पो वळणाआड जाईपर्यंत निकिताचं तोंड मागंच होतं.

रुग्णवाहिका येईपर्यंत दोघं रस्त्याच्या कडेला जीपच्या सावलीत बसले. शेजारच्या रानात हरभरा काढून ढीग घातले होते आणि दूर कुठंतरी मळणीयंत्र सुरू होतं. गोळीनं दुखणं थोडं उतरलं होतं, पण गेलं नव्हतं. केशरबाई मिनिटामिनिटाला रस्त्याकडं बघत होती.

"मला ओढ्यापाशीच कळलं होतं," ती म्हणाली. "मी तवाच न्यायला पायजे होतं तुमाला."

"मी आलो असतो का?"

"आला नसताव."

"मग."

"तरी बी," केशरबाई म्हणाली.

परभणीत पुन्हा मनगटातून नळी गेली. शुभदा मॅडमनी आधी विचारलं, किती दिवसांपासून दुखतंय. "संक्रांतीपासून," केशरबाईनं सांगितलं. महारुद्रनं तिला दिवस कधी सांगितला नव्हता.

या वेळी पडद्यावर महारुद्रनंही पाहिलं, आडवा पडल्या पडल्या, मान वळवून. जाळीच्या दोन्ही कडा जिथं होत्या तिथंच होत्या. रंग आत जात होता, पण मधे इतका बारीक होत होता की एखादा दोरा वाटावा. त्याच्या पुढच्या फांद्या फिक्या दिसत होत्या.

"जाळी सरकली नाही, मोडली नाही," मॅडम म्हणाल्या. "आतून भिंत वाढली. जखम भरताना जास्त भरली. रक्ताला जागा कमी पडायला लागली, म्हणून आधी चालताना दुखायचं. आता बसल्या जागीही पुरत नव्हतं. पूर्ण बंद झालेली नाही, वेळेत आलात. अगदी काठावर, पण वेळेत."

त्यांनी आत फुगा नेऊन ती जागा पुन्हा मोठी केली. नंतर दुसरा एक फुगा नेला, त्याला औषध लावलेलं होतं. तो थोडा वेळ भिंतीला दाबून धरला, म्हणजे ते औषध भिंतीत मुरेल आणि वाढ पुन्हा होणार नाही. दुसरी जाळी घातली नाही. रंग सोडल्यावर तो पुन्हा सरळ पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी महारुद्रनं मनातलं विचारलं. "मॅडम, गोळ्या मी एक दिस चुकवल्या न्हाईत. तंबाखूला हात लावला न्हाई. मग माज्याच शिरंनं असं कामून केलं?"

"गोळ्या चुकवल्या असत्या तर गुठळी झाली असती, कदाचित आपण आज बोलत नसतो. त्या गोळ्यांनी त्यांचं काम केलं. ही दुसरी गोष्ट. तुमची शुगर जूनमध्ये जेवढी होती तेवढीच आजही आहे."

महारुद्रला साखरेचे ते सगळे चहा आठवले.

"आता परत वाढंल का?"

"वाढणार नाही असं लिहून देत नाही. शुगर आवरली तर शक्यता कमी. पण एक लक्षात ठेवा. ही वाढ हळू होते आणि आधी कळवून होते. तुम्हाला ती दीड-दोन महिने कळवत होती."

आदल्या दिवशी संध्याकाळी निकिता सूर्यभानबरोबर दवाखान्यात आली होती, कॉलेजच्या कपड्यांवरच. बापानं विचारलं, पेपर कसा गेला. ती म्हणाली, लिहिला. शेवटचा नकाशाचा प्रश्न तिनं कोरा सोडला होता, हे तिनं निकाल लागल्यावर सांगितलं. बाकी विषयांत बरे मार्क पडले, भूगोलात कमी. पण पास झाली आणि परभणीला पुढं शिकायला लागली.

महारुद्र घरी आला आणि चालायला परवानगी मिळाल्यावर त्यानं एक काम केलं. त्या दिवशी गाडीत ज्यांच्या पोरी होत्या त्या प्रत्येक घरी तो गेला. केशरबाई बरोबर होती, पण बोलला तोच. "माज्या छातीत दुखत होतं आन मी झाकून ठिवलं. तुमची पोरगी गाडीत होती. तुमाला सांगायला पायजे होतं," एवढंच तो म्हणायचा. एका घरी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. एका घरी पोरीचा बाप दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "ट्रॅक्टर लागला असता तर तू मला काय सांगायला आला असतास?" तो माणूस अजूनही त्याच्याशी बोलत नाही.

जीप आता सूर्यभान चालवतो. त्यालाही महारुद्रनं मधल्या सीटचा कायदा पाळायला लावला आहे. महारुद्र स्वतः पालमच्या अड्ड्यावर गाड्यांचे नंबर लावतो, कुणाच्या मागं कोण सुटणार ते बघतो आणि पोरींना कॉलेजातून यायला उशीर झाला तर शेवटची गाडी अडवून धरतो. चहा बिनसाखरेचा घेतो. पहिल्यांदा टपरीवाला हसला होता. सकाळी तो नदीच्या रस्त्यानं चालायला जातो. केशरबाई म्हशीला वैरण टाकून मागून निघते आणि थोडं अंतर ठेवून चालते.

मृगाच्या सुमारास पुन्हा पट्ट्यावरची तपासणी झाली. केशरबाई दाराबाहेर बाकावर बसली होती. आतून पट्ट्याचा आवाज येत होता, मग तो वाढला, मग अजून वाढला, आणि त्याबरोबर महारुद्रच्या पायांचा. तिनं बाकाची कड धरून ठेवली होती. आवाज थांबल्यावर तिला वाटलं काहीतरी झालं. पण तो टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आला. दुखलं नव्हतं. शुगर उतरली होती, जेवढी पाहिजे तेवढी नाही, पण उतरली होती. मॅडम म्हणाल्या, असंच ठेवा, तीन महिन्यांनी या.

भीती गेलेली नाही, दोघांचीही. फक्त महारुद्र आता झाकत नाही. झालंच तर उलटं झालं आहे. ढेकर अडली तरी सांगतो, खांद्याला कळ आली तरी सांगतो, पाय वळला तरी सांगतो. परवा जेवायला बसल्यावर त्यानं घास हातातच धरला आणि म्हणाला, "इथं, बरगडीच्या खाली, जरासं टोचायलंय."

केशरबाई भाकरी थापायची थांबली. "चालताना येतंय का बसल्यावर?"

"आत्ताच आलं."

"दाबल्यावर दुखतंय का?"

त्यानं बोटानं दाबून पाहिलं. "व्हय. दाबलं की दुखतंय."

"मग ते न्हाई," ती म्हणाली. तरी ती हात धुऊन त्याच्याजवळ येऊन बसली, आणि त्याचं जेवण होईपर्यंत उठली नाही.